म्हाताऱ्या मांजराला विमानाने न्यायचंय? तयारी सहा महिने आधीपासून का लागते

बदली होते, परदेशात नोकरी लागते किंवा आईवडील मुलांकडे कायमचे राहायला निघतात. पॅकर्सवाले दोन दिवसांत अख्खं घर खोक्यांत भरून देतात. मग प्रश्न उरतो तो सोफ्याखाली जाऊन बसलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मांजराचा. त्याचं काय करायचं?

तरुण, धडधाकट मांजर विमानप्रवास बहुतेक वेळा निभावून नेतं. म्हाताऱ्या मांजराचं तसं नसतं. त्याच्या बाबतीत खरी जोखीम विमानातल्या काही तासांपेक्षा आधीपासून अंगात असलेल्या, पण कुणाच्या लक्षात न आलेल्या दुखण्यांची असते. मांजरं दुखणं लपवतात. घरात सगळं नेहमीसारखं असताना ते लपून राहतं आणि प्रवासाच्या ताणात एकदम बाहेर येतं. म्हणूनच या प्रवासाची सुरुवात तिकिटापासून न होता पशुवैद्याच्या दवाखान्यापासून व्हायला हवी.

मांजर म्हातारं कधी समजायचं?

अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ७ ते १० वर्षांचं मांजर प्रौढ आणि १० वर्षांपुढचं ज्येष्ठ धरलं जातं. माणसाच्या वयाशी ढोबळ तुलना करायची, तर १२ वर्षांचं मांजर म्हणजे साधारण ६४ वर्षांचा माणूस आणि १५ वर्षांचं मांजर म्हणजे ७६ वर्षांचा.

घरातल्या घरात राहणारं मांजर १५ ते १८ वर्षं सहज जगू शकतं. त्यामुळे ‘दहा वर्षं झाली, आता किती दिवसांचं’ असं समजून त्याला मागे सोडण्याचं कारण नाही. पण ‘खातंय-पितंय, म्हणजे ठणठणीत आहे’ असं समजून थेट विमानात बसवणंही चूक आहे.

प्रवासाआधी कोणत्या तपासण्या कराव्यात?

निघण्याच्या सहा महिने आधी एकदा आणि शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत पुन्हा एकदा, अशा दोन तपासण्या व्हाव्यात. पहिल्या तपासणीत पुढच्या गोष्टी पशुवैद्याकडून आवर्जून पाहून घ्याव्यात.

मूत्रपिंड: म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा जुनाट आजार खूप आढळतो. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडाची बरीचशी क्षमता संपलेली असते. म्हणून रक्ताबरोबर लघवीची तपासणी आणि शक्य असेल तिथे एसडीएमए ही चाचणी करतात. मांजर पूर्वीपेक्षा जास्त पाणी पीत असेल आणि लिटर ट्रेमध्ये मोठे ओले गोळे दिसत असतील, तर तो पहिला इशारा समजावा. पर्शियन जातीत मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजारही असतो.

रक्तदाब आणि थायरॉइड: मांजरांनाही उच्च रक्तदाब होतो. तो लक्षात आला नाही तर डोळ्याचा पडदा सुटून मांजराला अचानक आंधळेपण येऊ शकतं. भरपूर खाऊनही वजन घटत असेल तर थायरॉइडची शंका घेतात.

हृदय: हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार मांजरांत कोणतंही लक्षण न दाखवता वर्षानुवर्षं राहू शकतो. स्टेथोस्कोपने वेगळा आवाज ऐकू आला, तर सोनोग्राफीसारखी इको तपासणी करून घेणं योग्य.

सांधे: २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले, तेव्हा ९० मांजरांमध्ये सांध्यांची झीज दिसली. अशी मांजरं लंगडत नाहीत. ती फक्त कपाटावर उडी मारणं सोडून देतात आणि घरचे म्हणतात, ‘आता शांत झालंय.’ अशा मांजराला कित्येक तास कॅरिअरमध्ये अंग आखडून बसवलं तर वेदना वाढतात.

दात: दुखणाऱ्या दातामुळे मांजर आधीच कमी खात असेल, तर नव्या घरात ते खाणं पूर्ण बंद करण्याची शक्यता असते. दात काढायचा असेल तर ते काम प्रवासाच्या किमान महिनाभर आधी उरकावं.

सहा महिने आधी तपासण्याचा फायदा असा, की रक्तदाब किंवा थायरॉइड सापडला तरी औषध सुरू करून तो आटोक्यात आणायला वेळ मिळतो. निघण्याच्या आठवड्यात हेच निदान झालं, तर हातात करण्यासारखं फारसं काही राहत नाही.

विमानात मांजराच्या शरीरावर काय परिणाम होतो?

प्रवासी विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या डोंगरासारखा असतो. निरोगी मांजराला तेवढ्याने त्रास होत नाही. हृदय किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्या मांजराला मात्र तिथला कमी ऑक्सिजन जाणवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे कोरडी हवा. लांबच्या प्रवासात केबिनमधली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. मूत्रपिंड कमजोर असलेल्या मांजराच्या शरीरात पाणी टिकत नाही, त्यात ते प्रवासात पाणी पीत नाही आणि भर म्हणून हवा कोरडी. म्हणून अशा मांजरांना आदल्या दिवशी कातडीखाली सलाइन द्यायचं का, हे पशुवैद्याला विचारून घ्यावं.

केबिन की कार्गो?

पाळीव प्राण्यांसाठी विमानात दोन सोयी असतात. एक, सीटखाली ठेवलेल्या कॅरिअरमध्ये मालकाबरोबर. दोन, विमानाच्या पोटातल्या कार्गो कप्प्यात. जिवंत प्राणी ठेवतात त्या कप्प्यातही दाब केबिनइतकाच असतो आणि तापमान राखलेलं असतं. तिथला खरा धोका उड्डाणाच्या आधी आणि नंतर असतो. धावपट्टीजवळच्या उन्हात पिंजरा ताटकळत राहणं, विमान बदलताना उशीर होणं आणि या सगळ्यात मांजराकडे पाहणारं ओळखीचं कुणी नसणं. त्यामुळे म्हाताऱ्या मांजरासाठी केबिन आणि थेट विमान हा पहिला पर्याय असावा, त्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी.

पर्शियन, हिमालयन यांसारख्या चपट्या नाकाच्या मांजरांना श्वासाचा त्रास लवकर होतो. अनेक विमान कंपन्या त्यांना कार्गोमध्ये घेतच नाहीत.

भारतात सगळ्या कंपन्या प्राणी नेत नाहीत. इंडिगोच्या विमानांत पाळीव प्राण्यांना परवानगी नाही. एअर इंडिया देशांतर्गत विमानांत प्राणी नेते, तर अकासा एअरने नोव्हेंबर २०२२ पासून ही सोय सुरू केली. केबिनसाठी वजनाची मर्यादा असते आणि ती मांजर अधिक कॅरिअर अशी एकत्र मोजली जाते. शिवाय एका विमानात मोजकेच प्राणी घेतात. ही मर्यादा आणि नियम बदलत राहतात. म्हणून आधी फोन करून मांजराची जागा पक्की करावी आणि मगच माणसांची तिकिटं काढावीत.

अंतर फार नसेल तर विमान टाळण्याचाही विचार करावा. पुण्याहून नागपूरला किंवा मुंबईहून गोव्याला जाताना स्वतःची गाडी किंवा रेल्वेच्या एसी फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे हा म्हाताऱ्या मांजरासाठी कमी धकाधकीचा मार्ग ठरू शकतो.

कागदपत्रांना इतका वेळ का लागतो?

देशांतर्गत प्रवासासाठी पशुवैद्याने दिलेलं आरोग्य प्रमाणपत्र आणि लसीकरणाची नोंद लागते. कुत्र्या-मांजरांच्या वाहतुकीसाठी असं प्रमाणपत्र हवं, हे प्राण्यांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांतच म्हटलं आहे. ते किती दिवसांच्या आतलं हवं, हे विमान कंपनीकडून विचारून घ्यावं.

परदेशाचं गणित वेगळं आहे. भारतात रेबीज असल्याने अनेक देशांचे नियम कडक आहेत. जर्मनीचं उदाहरण घेऊ. युरोपीय संघात भारतातून मांजर न्यायचं असेल, तर क्रम असा:

१. आधी १५ आकडी मायक्रोचिप बसवायची.
२. त्यानंतर रेबीजची लस. चिपच्या आधी दिलेली लस धरत नाहीत.
३. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घेऊन युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं प्रमाण किमान ०.५ आययू प्रति मिलिलिटर यायला हवं.
४. रक्त घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं.
५. प्रवासाच्या आधी सरकारी शिक्क्याचं आरोग्य प्रमाणपत्र. ते दिल्यापासून १० दिवसांच्या आत युरोपात पोचावं लागतं.

म्हणजे १ जानेवारीला लस दिली, तर रक्त ३१ जानेवारीला आणि प्रवास लवकरात लवकर मे महिन्याच्या तोंडावर. अहवालात प्रतिपिंड कमी आले तर पुन्हा लस आणि पुन्हा तीच प्रतीक्षा. घराबाहेर न पडणाऱ्या म्हाताऱ्या मांजरांची लस बऱ्याचदा कित्येक वर्षं चुकलेली असते, त्यामुळे हा धोका गृहीत धरूनच सहा महिन्यांचा हिशोब ठेवावा.

भारतातून निघताना एक्यूसीएस, म्हणजे केंद्र सरकारच्या पशु विलगीकरण व प्रमाणन सेवेकडून कागद घ्यावे लागतात. तिची केंद्रं मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद इथे आहेत. पुणे किंवा नाशिकच्या कुटुंबांना साधारणपणे मुंबईचं केंद्र गाठावं लागतं.

इतर देशांचे नियम वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये विमानाने येणारी मांजरं फक्त कार्गोतूनच उतरवता येतात. त्यामुळे काही जण आधी युरोपातल्या एखाद्या शहरात केबिनमधून जातात आणि पुढचा टप्पा गाडी व बोटीने करतात. ऑस्ट्रेलियात भारतातून थेट मांजर नेता येत नाही. आधी मान्यताप्राप्त देशात किमान १८० दिवस राहावं लागतं आणि त्यानंतर मेलबर्नजवळच्या मिकलहॅम केंद्रात विलगीकरण असतं. अमेरिकेत मात्र केंद्रीय पातळीवर मांजरासाठी रेबीज लसीची सक्ती नाही. पण राज्यांचे आणि विमान कंपन्यांचे नियम वेगळे असू शकतात.

कॅरिअरची सवय कशी लावायची?

बहुतेक मांजरांसाठी कॅरिअर म्हणजे सुई. ते दिसलं की मांजर पलंगाखाली. ही ओळख पुसायला दीड-दोन महिने लागतात.

कॅरिअर आजच माळ्यावरून काढून, दार उघडं ठेवून, मांजराच्या नेहमीच्या जागेजवळ ठेवावं. आत त्याच्या वासाची जुनी गोधडी किंवा साडीचा तुकडा घालावा. खाऊची वाटी आधी कॅरिअरच्या शेजारी, मग दाराशी, मग आत सरकवावी. ते आत झोपायला लागलं की दार मिनिटभर बंद करून उघडावं आणि वेळ हळूहळू वाढवावा. त्यानंतर गाडीतून किंवा रिक्षातून छोट्या फेऱ्या. दर फेरीचा शेवट दवाखान्यात होऊ नये, एवढं पाहावं.

सांधे दुखणाऱ्या मांजरासाठी वरूनही उघडणारं कॅरिअर घ्यावं, म्हणजे त्याला ओढून काढावं लागत नाही. आत त्याला उभं राहता, वळता आणि आडवं होता आलं पाहिजे. तळाशी मऊ गादी आणि तिच्यावर शोषून घेणारा पॅड. लघवीवर ताबा कमी झालेल्या मांजरासाठी दोन-तीन पॅड जास्तीचे ठेवावेत.

झोपेचं औषध द्यावं का?

स्वतःच्या मनाने कधीच नाही. गुंगी आणणाऱ्या काही औषधांनी रक्तदाब उतरतो आणि तोल जातो. उंचीवर आणि म्हातारपणी हे धोक्याचं असतं. गुंगीत असलेला प्राणी दिसला तर अनेक विमान कंपन्या त्याला चढू देत नाहीत.

भीती कमी करण्यासाठी पशुवैद्य बऱ्याचदा गॅबापेंटिन देतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याचा डोस कमी करावा लागतो, म्हणून रक्ततपासणीचा अहवाल आधी हवा. औषध कोणतंही असो, प्रवासाच्या काही दिवस आधी घरी एकदा देऊन परिणाम पाहावा. पहिला डोस विमानतळावर देऊ नये.

माणसांच्या गोळ्या अजिबात देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

प्रवासाच्या दिवशी काय करावं?

निघण्याच्या चार ते सहा तास आधी हलकं खाणं द्यावं, म्हणजे उलटीची शक्यता कमी होते. पाणी मात्र तोडू नये. मधुमेह असलेल्या मांजराचं खाणं आणि इन्सुलिन यांचं वेळापत्रक पशुवैद्याकडून लिहून घ्यावं, कारण उपाशी मांजराला नेहमीचा डोस दिला तर साखर धोकादायक उतरते.

सुरक्षा तपासणीच्या वेळी मांजराला कॅरिअरबाहेर काढावं लागतं, कारण रिकामं कॅरिअर एक्स-रे यंत्रातून जातं. मांजर हातातून निसटण्याची सर्वांत मोठी शक्यता इथेच असते. म्हणून घरातूनच हार्नेस आणि पट्टा बांधून निघावं आणि बंद खोलीत तपासणी करता येईल का, हे आधी विचारावं.

विमानात कॅरिअर उघडू नये. वरून पातळ कापड टाकलं तर बहुतेक मांजरं शांत राहतात, फक्त हवा खेळती राहील असं पाहावं. लांबच्या प्रवासात जाळीतून थोडं पाणी किंवा पातळ खाणं देऊन पाहावं. नको असेल तर आग्रह करू नये. मांजर तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, तर ते साधं घाबरणं समजू नये. लगेच कर्मचाऱ्यांना सांगावं आणि उतरताच पशुवैद्य गाठावा.

औषधं, चिठ्ठ्या, तपासणीचे अहवाल आणि आजारांची इंग्रजीत लिहिलेली एक पानी नोंद हातातल्या बॅगेत ठेवावी. उन्हाळ्यात दुपारचं विमान टाळून रात्रीचं किंवा पहाटेचं घ्यावं.

न्यायचं नाही, असं कधी ठरवावं?

मूत्रपिंडाचा आजार शेवटच्या टप्प्यात असेल, हृदयविकार औषधांनी आटोक्यात नसेल, श्वास लागत असेल किंवा मांजराचं वजन सतत घटत असेल, तर विमानप्रवास त्याच्यावर लादू नये. १६-१७ वर्षांच्या आजारी मांजरासाठी उरलेले महिने ओळखीच्या घरात, ओळखीच्या माणसाजवळ जाणं हेच जास्त सुखाचं असू शकतं.

अशा वेळी कुटुंबातल्या एकाने काही महिने मागे राहणं किंवा मांजराला आधीपासून ओळखणाऱ्या आत्या, मामा, शेजारी यांच्याकडे त्याला ठेवणं हे पर्याय असतात. त्या माणसाला औषधांचं वेळापत्रक, पशुवैद्याचा नंबर आणि खर्चाचे पैसे देऊन ठेवावेत. मांजराला सोसायटीत किंवा मंदिराच्या आवारात सोडून देणं हा मात्र पर्याय नाही. आयुष्यभर घरात राहिलेलं म्हातारं मांजर रस्त्यावर फार दिवस तग धरत नाही. आणि पाळीव प्राण्याला असं वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे.

नव्या घरातले पहिले दिवस

पोचल्यावर सगळं घर एकदम मोकळं सोडू नये. एका लहान खोलीत त्याची न धुतलेली गोधडी, पाण्याच्या दोन वाट्या, खाणं आणि कमी उंचीच्या कडेचा लिटर ट्रे ठेवावा. उघडं कॅरिअरही तिथेच असू द्यावं, कारण त्या क्षणी ओळखीच्या वासाची ती एकच जागा असते. खोलीबाहेर कधी यायचं, हे मांजराला ठरवू द्यावं.

खाण्याचा ब्रँड प्रवासाबरोबर बदलू नये. युरोपात सामानातून मांसाचं खाद्य नेण्यावर बंधनं आहेत. त्यामुळे तिथे मिळेल तेच खाणं निघण्याच्या महिनाभर आधी घरी सुरू करणं सोपं पडतं.

दोन गोष्टी घड्याळ लावून पाहाव्यात. मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही, तर पशुवैद्याला फोन करावा. मांजर काही दिवस उपाशी राहिलं, विशेषतः जाडं असेल, तर त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेततं. आणि २४ तासांत लघवी झाली नाही किंवा बोका ट्रेमध्ये कुंथत बसला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठावा. त्यासाठी नव्या शहरातल्या जवळच्या पशुवैद्याचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर निघण्याआधीच फोनमध्ये असावा.